अल-उदैद ते हमीमिम: सीरियाच्या आकाशातल्या फोनलाइनचं परीक्षण

सीरियाच्या यादवी युद्धात अमेरिका आणि रशिया एकाच आकाशात उडत होते, पण दोघांचे साथीदार वेगळे होते. रशिया असद सरकारच्या बाजूने उतरला होता. अमेरिका इसिसविरुद्ध लढत होती, कुर्दांचा भरणा असलेल्या सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेसच्या, म्हणजे एसडीएफच्या साथीने. रशिया उतरल्यापासून असद सरकार पडेपर्यंतच्या नऊ वर्षांत या दोघांनी एकमेकांचं वैमानिक बसलेलं एकही विमान पाडलं नाही. त्याचं श्रेय सहसा एका फोनलाइनला दिलं जातं. तिचं एक टोक अमेरिकेकडे, कतारमधल्या अल-उदैद हवाई तळावर, आणि दुसरं रशियाकडे, सीरियात लताकियाजवळच्या हमीमिम तळावर. श्रेय बरंचसं रास्त आहे. पण 'महायुद्ध टाळणारी हॉटलाइन' अशी तिची ख्याती झाली, ती मात्र दिशाभूल करणारी. ही लाइन चुकून होणारी टक्कर टाळते. ज्याला टक्कर हवीच आहे, किंवा टक्कर झाल्यावर हात झटकून मोकळं व्हायचं आहे, त्याच्यापुढे तिचं फारसं चालत नाही.

घाई असलेल्यांसाठी गुण आधीच: विमानं एकमेकांपासून दूर ठेवणं, पाचपैकी साडेचार. जमिनीवरच्या फौजा दूर ठेवणं, दोन. टिकाऊपणा, चार. तिसऱ्या पक्षांना आवरणं, शून्य, आणि हा शून्य सर्वांत महागात पडला.

सेवेत काय येतं, काय येत नाही

लाइन नव्हती तेव्हाची पद्धत आधी पाहू, म्हणजे तिची किंमत कळेल. ३० सप्टेंबर २०१५ रोजी एक रशियन जनरल बगदादच्या अमेरिकन दूतावासात गेला आणि सांगून आला की तासाभरात रशियाचे हवाई हल्ले सुरू होतील, तेव्हा तुमची विमानं सीरियाच्या आकाशातून काढा. अमेरिकेने विमानं काढली नाहीत आणि रशियाने हल्ले थांबवले नाहीत. सुदैवाने काही झालं नाही, पण सुदैवावर रोजच्या रोज उड्डाणं करता येत नाहीत. तीन आठवड्यांत, २० ऑक्टोबरला, दोन्ही संरक्षण खात्यांनी उड्डाण-सुरक्षेच्या सामंजस्य करारावर सही केली.

कराराचा मजकूर रशियाच्या विनंतीवरून गुप्त ठेवला गेला. पेंटागॉनने सांगितलं त्यानुसार त्यात मुख्य गोष्टी तीन. वैमानिकांनी व्यावसायिक शिस्तीने उडायचं, म्हणजे दुसऱ्याच्या विमानाजवळ घिरट्या घालायच्या नाहीत, धोकादायक कसरती करायच्या नाहीत. हवेत बोलण्यासाठी ठरावीक रेडिओ फ्रिक्वेन्सी वापरायच्या. आणि हवेतला संपर्क तुटला तर जमिनीवर फोनलाइन ठेवायची. काय नाही, हेही पेंटागॉनने त्याच वेळी स्पष्ट केलं: आकाशाची वाटणी नाही, गुप्त माहितीची देवाणघेवाण नाही, लक्ष्यांची यादी सांगणं नाही.

या 'नाही'ला कारण आहे. रशियाने क्रिमिया घेतल्यानंतर, २०१४ मध्ये अमेरिकेने रशियाशी लष्करी सहकार्य थांबवलं आणि पुढे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, कायद्यानेच त्यावर बंदी घातली. त्यामुळे अल-उदैदमधल्या अधिकाऱ्याला रशियनांशी 'संघर्ष टाळण्यासाठी' बोलता येतं, 'सहकार्यासाठी' बोलता येत नाही. फोनवर हा फरक दिसतो तितका शाब्दिक नाही. 'अमुक वेळेत अमुक भागात येऊ नका' हे चालतं. 'तुम्ही डावीकडचं घ्या, आम्ही उजवीकडचं घेतो' हे चालत नाही.

वापरायची कशी

लाइन साध्या दूरध्वनीची, सांकेतिक नसलेली. अमेरिकन बाजूला संयुक्त हवाई मोहीम केंद्रात अधिकारी आणि रशियन जाणणारे दुभाषे बसतात. रोजचं बोलणं कर्नल दर्जाचे अधिकारी करतात. त्यांच्या डोक्यावर वरिष्ठ जनरलांची वेगळी लाइन आणि सर्वांत वर अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांचा रशियाचे लष्करप्रमुख गेरासिमोव्ह यांच्याशी थेट संपर्क. नियम असा की वाद खालच्या पायरीवर मिटला नाही तरच वर जायचं. ही तीन पायऱ्यांची रचना सेवेचा सर्वांत चांगला भाग म्हणावा लागेल. कर्नलच्या हातून बिघडलेलं काम सावरायला वर कोणीतरी असतं, आणि वरच्यांचं राजकीय भांडण चालू असतानाही खाली रोजचं काम अडत नाही.

फोनवर द्यायची माहिती मोजकी: कोणता भाग, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या उंचीवर. समोरचा एकतर 'ठीक' म्हणतो किंवा 'तिथे आमचं काम चालू आहे' म्हणतो, मग वेळ किंवा उंची बदलून मार्ग काढायचा. इथली मेख अशी की माहिती इतकी पुरेशी हवी की दुसऱ्याचं विमान टळेल, पण इतकी नको की लक्ष्य ओळखता येईल. कारण हमीमिमला कळलं ते दमास्कसला कळलं, असंच धरून चालावं लागतं.

१४ एप्रिल २०१८ ला ही कसरत नीट जमली. दूमातल्या रासायनिक हल्ल्यानंतर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने तीन ठिकाणांवर १०५ क्षेपणास्त्रं सोडली. त्यातली ७६ एकट्या बरझाच्या संशोधन केंद्रावर. आधी काही दिवस रशियाच्या लेबनॉनमधल्या राजदूताने क्षेपणास्त्रं पाडण्याची आणि ती सोडणाऱ्या ठिकाणांवर हल्ला करण्याची धमकी दिली होती. प्रत्यक्षात अमेरिकेने नेहमीच्या लाइनवरून हवाई मार्गाबाबत बोलणं केलं, लक्ष्यं सांगितली नाहीत, आणि रशियाने आपली हवाई संरक्षण यंत्रणा वापरली नाही. सीरियाने १०३ पैकी ७१ क्षेपणास्त्रं पाडली असा दावा मॉस्कोने नंतर केला, अमेरिकेने तो फेटाळला. दोघांनाही आपापल्या घरी सांगायला काहीतरी मिळालं. असल्या प्रसंगी हेही थोडं नसतं.

बिघाड कसा होतो: देर अझ-झोर, १७ सप्टेंबर २०१६

या सेवेचं सर्वांत मोठं अपयश बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण त्यात यंत्र एकही बिघडलं नव्हतं. फोन चालू होता, दुभाषा होता, दोन्हीकडे माणसं होती.

देर अझ-झोर शहराच्या दक्षिणेला अमेरिकेच्या नेतृत्वाखालची युती इसिसवर हल्ला करणार होती. हल्ल्याआधी अल-उदैदने हमीमिमला फोन करून जागा सांगितली: देर अझ-झोर विमानतळाच्या दक्षिणेला ९ किलोमीटर. प्रत्यक्ष लक्ष्य विमानतळापासून ३ ते ६ किलोमीटरवर होतं. ९ किलोमीटर हे अंतर शहरापासूनचं. मोजमाप बरोबर, मोजायला सुरुवात केली ती जागा चुकीची. रशियनांनी नकाशावर ९ किलोमीटरची खूण केली असेल तर तिथे त्यांना आक्षेप घेण्यासारखं काही दिसणार नव्हतं. खरी जागा सांगितली असती, तर तिथे सीरियन सैन्य आहे हे त्यांना सांगता आलं असतं.

हल्ला सुरू झाला. ज्यांना इसिस समजून मारलं जात होतं ते सीरियन सैनिक होते. गणवेश धड नाही, वाहनं इसिसच्या वाहनांसारखी, आणि एकदा इसिस आहे असं ठरल्यावर विरुद्ध खुणांकडे काणाडोळा झाला. मग हमीमिमहून फोन आला. फोन करणाऱ्याला त्याचा नेहमीचा अमेरिकन अधिकारी हवा होता. तो जागेवर नव्हता. रशियनाने निरोप दुसऱ्या कोणाला न देता थांबायचं ठरवलं. निरोप पोचायला २७ मिनिटं लागली. त्या २७ मिनिटांत एकूण ३७ पैकी १५ हल्ले झाले. निरोप पोचताच उरलेलं काम थांबलं.

हे सगळं अमेरिकेच्याच चौकशी अहवालात आहे, आणि तो प्रामाणिक आहे असं म्हणायला हरकत नाही. रशियाने ६० हून अधिक सीरियन सैनिक ठार झाल्याचं जाहीर केलं. त्याच आठवड्यात केरी आणि लावरोव्ह या अमेरिकन आणि रशियन परराष्ट्रमंत्र्यांनी जमवलेली युद्धबंदी चालू होती. ती सात दिवस टिकली तर दोन्ही लष्करांचं एक संयुक्त केंद्र उभं राहणार होतं. युद्धबंदी मोडली, केंद्र कागदावर राहिलं. ते केंद्र तसंही फार चाललं असतं का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण ते उभं राहण्याआधीच मोडण्यात एका न दिलेल्या निरोपाचा वाटा होता.

यातून वापराचे दोन नियम सरळ निघतात. जागा कधीही 'अमुकपासून इतके किलोमीटर' अशी सांगू नये, अक्षांश-रेखांशाचे आकडे द्यावेत आणि समोरच्याकडून ते परत वदवून घ्यावेत. आणि फोन व्यक्तीचा नसावा, टेबलाचा असावा. पाळीवर जो असेल त्याने निरोप घ्यायचा, लिहायचा आणि पुढे द्यायचा. रशियनाला परिचित माणूसच हवा होता यात नवल नाही. अनोळखी शत्रूपेक्षा ओळखीचा शत्रू बरा, असं अशा कामात वाटू लागतं. पण सेवेची रचना त्या ओळखीवर उभी नको.

१९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को जोडले गेले तेव्हा मुद्दामच आवाजाऐवजी टेलिप्रिंटर निवडला होता. प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहायचं, भाषांतर घेणाऱ्याने करायचं. आवाजात चढलेला सूर, अर्धवट ऐकलेला आकडा, घाईतला दुभाषा, हे सगळं त्यातून गळून जातं. युद्धाच्या दैनंदिन कामाला तेवढा वेळ नसतो हे मान्य, पण आकड्यांपुरता तरी लिखित निरोप असता तर ते ९ किलोमीटर कोणाच्या तरी नजरेत आले असते.

'निलंबित' म्हणजे काय

नव्या निरीक्षकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. २०१७ मध्ये रशियाने ही सेवा दोनदा निलंबित केल्याचं जाहीर केलं. पहिल्यांदा ७ एप्रिलला, अमेरिकेने खान शेखुनच्या रासायनिक हल्ल्याचा बदला म्हणून भूमध्य समुद्रातल्या दोन युद्धनौकांवरून शयरात तळावर ५९ टॉमहॉक क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा. गंमत म्हणजे तळावरच्या रशियनांना सावध करण्यासाठी आधी हीच लाइन वापरली गेली होती. दुसऱ्यांदा १९ जूनला, आदल्या दिवशी अमेरिकन एफ/ए-१८ ने सीरियाचं सुखोई-२२ पाडल्यावर. त्या वेळी मॉस्कोने पुढची धमकीही दिली: युफ्रेटिसच्या पश्चिमेला उडणारं युतीचं प्रत्येक विमान हे रशियन यंत्रणेच्या दृष्टीने लक्ष्य समजलं जाईल. ऑस्ट्रेलियाने काही दिवस आपली उड्डाणं थांबवली.

फोन मात्र चालू राहिला. १९ जूनलाच अमेरिकेचे संयुक्त सेनाप्रमुख डनफर्ड यांनी सांगितलं की अल-उदैद आणि रशियन बाजू यांचं बोलणं गेल्या काही तासांतही झालं आहे. म्हणजे निलंबनाची घोषणा हाच एक निरोप होता, जगाला ऐकवलेला. राग व्यक्त करायचा, पण आपल्या वैमानिकांची सुरक्षितता धोक्यात घालायची नाही, यासाठी यापेक्षा स्वस्त साधन नाही. टिकाऊपणाला चार गुण दिले ते याच कारणाने. पाचवा नाही दिला, कारण हा खेळ दोन्ही बाजूंना एकाच वेळी कळत असला तरच चालतो. घोषणा खरी मानणारा एखादा तरुण क्षेपणास्त्र-अधिकारी पुरेसा आहे.

जे लाइनवर नाहीत त्यांचं काय

सुखोई-२२ चा प्रसंग याच कारणाने शिकण्यासारखा. तबकाच्या दक्षिणेला जादीन गावाजवळ असदसमर्थक फौजांनी एसडीएफवर हल्ला केला. अमेरिकन विमानांनी खाली येऊन धाक दाखवला, आणि अल-उदैदने हमीमिमला फोन करून प्रकरण थांबवायला सांगितलं. काही वेळाने सीरियन सुखोई आलं आणि त्याने एसडीएफजवळ बॉम्ब टाकले. अमेरिकन वैमानिकाचं पहिलं क्षेपणास्त्र चुकलं, दुसरं लागलं. अमेरिकेने वैमानिक असलेलं विमान हवाई लढाईत पाडण्याची १९९९ नंतरची ही पहिलीच वेळ. फोन झाला होता, पण बॉम्ब टाकणारा सीरियन वैमानिक हमीमिमच्या ताब्यात नव्हता, किंवा तो आपल्या ताब्यात नाही असं म्हणणं हमीमिमला सोयीचं होतं. सेवेच्या दृष्टीने दोन्हीचा परिणाम एकच.

उलट दिशेने हेच तुर्कस्तानच्या बाबतीत झालं. लाइन सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. २४ नोव्हेंबर २०१५ ला तुर्की एफ-१६ ने सीमेवर रशियन सुखोई-२४ पाडलं. तुर्कस्तानच्याच म्हणण्यानुसार त्या विमानाने तुर्की हद्द १७ सेकंद ओलांडली होती, आणि त्याआधी पाच मिनिटांत दहा इशारे दिले होते. उड्डाणाची माहिती आम्ही अमेरिकेला आधीच दिली होती, असं पुतिन यांनी नंतर सांगितलं. दावा खरा धरला तरी मुद्दा उरतोच: अल-उदैदला दिलेली माहिती तुर्की वैमानिकाच्या कानापर्यंत जाण्याची सोय या सेवेत नव्हती. पॅराशूटने उतरणारा वैमानिक खालून झालेल्या गोळीबारात मारला गेला, शोधपथकातला एक रशियन मरीनही. त्यानंतर काही दिवसांत हमीमिमवर एस-४०० ही विमानवेधी क्षेपणास्त्र यंत्रणा तैनात झाली आणि पुढची सगळी वर्षं या फोनवरच्या प्रत्येक बोलण्यात ती न बोलता हजर राहिली.

इस्रायलने रशियाशी स्वतंत्र लाइन ठेवली. तिचं परीक्षण हा वेगळा विषय, पण तुलनेसाठी एक आकडा पुरे. १७ सप्टेंबर २०१८ ला इस्रायली एफ-१६ लताकियावर हल्ला करत असताना सीरियाच्या एस-२०० ने चुकून रशियाचंच आयएल-२० टेहळणी विमान पाडलं. आतले १५ जण गेले. रशियाचं म्हणणं, इशारा एक मिनिटही आधी मिळाला नाही. इस्रायलने ते मान्य केलं नाही. पण इशाऱ्याला किती वेळ हवा हे आधी लिहून ठेवलेलं नसलं की असा वाद मिटवायला काही आधारच नसतो. संथ गतीने वळणाऱ्या, पंख्यांच्या इंजिनांच्या टेहळणी विमानाला बाजूला व्हायला मिनिटं लागतात, सेकंद नाहीत. दोनेक आठवड्यांत रशियाने सीरियाला एस-३०० दिलं.

जमिनीवर

युफ्रेटिस नदी ही हळूहळू सीमारेषा बनली: पूर्वेला अमेरिका आणि एसडीएफ, पश्चिमेला रशिया आणि असद. नोव्हेंबर २०१७ मध्ये हवाई वापरासाठी हे तोंडी ठरलं. तोंडी करार कसा वागतो ते लगेच दिसलं. अमेरिकेच्या म्हणण्याप्रमाणे रशियन विमानं त्यानंतर दिवसाला सहा ते आठ वेळा पूर्वेला येत राहिली, म्हणजे रशियन आणि सीरियन उड्डाणांपैकी सुमारे १० टक्के. १३ डिसेंबरला अबू कमालजवळ दोन सुखोई-२५ नदी ओलांडून आली तेव्हा दोन एफ-२२ ने त्यांना अडवलं, फ्लेअर, म्हणजे हवेत जळणारे गोळे, सोडले, आपत्कालीन वारंवारितेवर वारंवार हाका मारल्या, आणि फोनही चालू होता. प्रकार ४० मिनिटं चालला. कोणी मेलं नाही, म्हणून हा सेवेचा विजय धरायचा की ४० मिनिटं लागली म्हणून पराभव, यावर मतं वेगळी असू शकतात. हवाई गुणांतला अर्धा गुण कापला तो या प्रसंगासाठी.

खशामला मात्र मतभेदाला जागा नाही. ७ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री सुमारे ५०० असदसमर्थक, त्यात वॅग्नर या खासगी रशियन कंपनीची माणसं, रणगाडे आणि तोफा घेऊन नदीच्या पूर्वेला आठेक किलोमीटर आतल्या एसडीएफ ठाण्यावर चालून आले. तिथे अमेरिकन विशेष दलाचे सैनिक होते. २० ते ३० तोफगोळे ठाण्यापासून ५०० मीटरच्या आत पडले. अल-उदैदने हल्ल्याआधी, हल्ला चालू असताना आणि नंतरही हमीमिमशी बोलणं केलं. आमची माणसं यात नाहीत, असं उत्तर मिळत राहिलं. मग अमेरिकेने ड्रोन, लढाऊ विमानं, गनशिप, हेलिकॉप्टर आणि तोफा लावल्या. मारा तासन् तास चालला. अमेरिकन अंदाज सुमारे १०० मृतांचा. मॉस्कोने आधी पाच रशियन नागरिक मेले असावेत असं म्हटलं, नंतर मृत आणि जखमी मिळून काही डझन.

तांत्रिकदृष्ट्या त्या रात्री लाइन उत्तम चालली. फोन लागला, उत्तर मिळालं, उत्तर स्पष्ट होतं. आणि नेमक्या त्या स्पष्ट उत्तरानेच अमेरिकेचे हात मोकळे झाले. ज्याला आपली माणसं आपली म्हणायची नाहीत, त्याला ही सेवा वाचवू शकत नाही. उलट नाकारण्याची नोंद ती दोन्ही बाजूंसाठी पक्की करते. भाडोत्री फौजा वापरणाऱ्या कोणत्याही सरकारने हा प्रसंग हिशेबात धरावा.

ईशान्येला, जिथे दोन्ही बाजूंच्या गस्ती एकाच रस्त्यावर यायच्या, तिथे बिघाड कमी प्राणघातक पण अधिक हास्यास्पद. ऑगस्ट २०२० मध्ये देरीकजवळ रशियन चिलखती गाडीने अमेरिकन गाडीला धडक दिली, वरून रशियन हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, आणि काही अमेरिकन सैनिकांना डोक्याला मार बसल्याची लक्षणं दिसली. उत्तर फोनवर नाही, गाड्यांनी दिलं गेलं: पुढच्याच महिन्यात ब्रॅडली लढाऊ वाहनं आणि रडार तिथे पोचलं.

जुनी झाल्यावर

युक्रेन युद्धानंतर सेवेची गुणवत्ता घसरली. लाइन होती, फोन उचलला जात होता, पण ठरलेल्या शिस्तीचा मान राहिला नाही. मार्च २०२३ मध्ये अल-तन्फच्या अमेरिकन तळावरून शस्त्रसज्ज रशियन विमानं पुन्हा पुन्हा उडू लागली. जुलैमध्ये सुखोई-३५ ने अमेरिकन एमक्यू-९ ड्रोनच्या वाटेत पॅराशूट लावलेले फ्लेअर सोडले. २३ जुलैला अशाच फ्लेअरने एका ड्रोनचा पंखा जायबंदी केला. ७ जुलैला तर जवळपास दोन तास रशियन त्रास सोसलेल्या ड्रोनांनीच त्या दिवशी पूर्व सीरियातला इसिसचा एक नेता उसामा अल-मुहाजिर याला मारलं. ड्रोनमध्ये माणूस नाही, म्हणून त्याला छळणं सुरक्षित, हा हिशेब २०१५ च्या कराराबद्दल जे जाहीर झालं त्यात कुठेच नव्हता. तेव्हा ड्रोन होतेच, फक्त कोणी त्यांच्याशी असं वागायचा विचार केला नव्हता.

१९७२ च्या अमेरिका-सोव्हिएत समुद्री घटना कराराशी तुलना केली की कमतरता कळते. त्यात दोन्ही नौदलांनी दरवर्षी बसून मागच्या वर्षीच्या घटनांची उजळणी करायची तरतूद होती. बंद दाराआड, ठरलेल्या वेळी, कोणी आधी निलंबनाची घोषणा करायची वाट न पाहता. सीरियाच्या लाइनला अशी वार्षिक बैठक असती तर ड्रोनचा नियम फ्लेअरच्या आधी लिहिला गेला असता.

दुसऱ्या कोणत्या युद्धात अशी लाइन टाकायची वेळ आली तर खर्चाच्या यादीत फोनचा पैसा सर्वांत कमी. खरा खर्च माणसांवर: पाळीला किमान दोन दुभाषे, म्हणजे एक बोलताना दुसरा आकडे तपासेल. दोन्हीकडे एकाच आवृत्तीचा नकाशा, एकच घड्याळ, आणि ते कोणत्या देशाचं हे करारात लिहिलेलं. इशाऱ्यासाठी लागणारी किमान मिनिटं, विमानाच्या प्रकारानुसार वेगवेगळी. ड्रोनसाठी स्वतंत्र कलम. आणि ज्या मित्रपक्षाच्या वतीने आपण बोलतो आहोत त्याच्या मुख्यालयात आपला एक माणूस, कारण हमीमिमने 'सांगतो' म्हटल्यावर दमास्कसमध्ये कोणी ऐकलं की नाही, हे अल-उदैदला बॉम्ब पडल्यावरच कळत होतं.